एरर प्लॅनिंगमध्येच द्यावी की क्वेरी चालेपर्यंत थांबावे?

क्वेरीतील (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातील) स्थिर पदावली, म्हणजे ओळींतील मूल्यांवर अवलंबून नसलेली आकडेमोड, क्वेरी चालण्याआधीच सोडवताना अपवाद (एरर) उद्भवला तर काय करावे, याबाबत पोस्टग्रेस आणि प्रेस्टो या क्वेरी चालवणाऱ्या प्रणालींचे मार्ग वेगळे आहेत. 'केस व्हेन क्ष > ० देन क्ष एल्स १/० एंड' हे उदाहरण घ्या: क्ष शून्याहून मोठा असेल तर क्ष, नाहीतर १/०. पोस्टग्रेसचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची हे आधी ठरवणारा भाग) १/० सोडवायला जातो आणि प्रत्येक ओळीत क्ष धन असला, म्हणजे एल्सची फांदी कधीच चालणार नसली, तरी शून्याने भागल्याची एरर बहुधा येतेच. त्याच्या अधिकृत दस्तऐवजातही हा इशारा आहे. प्रेस्टोने मात्र असा अपवाद पकडून त्या जागी, चालवल्यावर एरर देणारे 'फेल' फंक्शन ठेवण्याची रीत अवलंबली, त्यामुळे ती फांदी प्रत्यक्ष गाठली तरच एरर बाहेर पडते.

हाताने १/० कोणी लिहीत नाही, हे खरे. पण पोस्टग्रेसमध्ये फंक्शनचे आर्ग्युमेंट (त्याला दिलेले मूल्य) प्लॅनिंगच्या वेळी त्यातील क्वेरीत स्थिरांक म्हणून भरले गेले की नेमके हेच रूप तयार होते, आणि अशा वेळी क्वेरीतील केसऐवजी फंक्शनच्या भाषेतले इफ-देन-एल्स वापरणे अधिक सुरक्षित ठरते. पोस्टग्रेसच्या पद्धतीत एकही ओळ न वाचता चूक कळते. तरीही केस हे बहुतेकदा भागाकार टाळण्यासाठीच लिहिले जात असल्याने मला प्रेस्टोची पद्धत अधिक रास्त वाटते, जरी तिच्यात बराच वेळ चाललेली क्वेरी अगदी शेवटच्या ओळींवर कोसळू शकते.