सांगलीतलं मुलांच्या पोटाचं क्लिनिक: तीन तास बसवलं, पण अँटिबायोटिक दिलं नाही

विश्रामबाग भागातलं क्लिनिक आहे, नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात. फी ७५०. गाडी लावायला जागा नाही, नंबर फोनवर घेतात पण त्याला काही अर्थ नाही, अकराची वेळ दिली आणि आत गेलो दोनला, तोवर पोरगं खुर्चीतच झोपलं. काउंटरवरच्या ताईंना काही विचारायची सोय नाही, खेकसतातच.

पोरगा ९ वर्षांचा. चार महिने जुलाब, जेवलं की बेंबीभोवती कळ. आधीच्या दवाखान्यात जंताचं औषध दोनदा, अँटिबायोटिकचे तीन कोर्स, वर प्रोबायोटिकच्या पुड्या, आणि सासूबाईंचं म्हणणं भडंग बंद करा सगळं बरं होईल.

इथल्या डॉक्टरांनी आधी आमच्याशी नाही, पोराशी बोलणं सुरू केलं. काय रे, शाळेत कितीदा जावं लागतं संडासला? तो म्हणाला पाचदा, पण बाई दोनदाच सोडतात. हे आम्हाला घरी कधी कळलंच नव्हतं. मग तोंडातले छाले बघितले, आणि शाळेच्या तपासणीतली जुनी वजनं घेऊन तक्त्यावर ठिपके मांडले तर रेघ दीड वर्षापासून आडवीच, आणि आम्ही आपले म्हणतोय बारीक अंगाचा आहे, आमच्याकडं सगळे असेच.

कॅल्प्रोटेक्टिन म्हणून शौचाची टेस्ट असते, आतड्याला सूज आहे का ते कळतं. ५० च्या आत नॉर्मल, याचं आलं ७४०. (सॅम्पलची डबी फ्रिजमध्ये ठेवलेली ती सासूबाईंनी लोणचं समजून उघडली, असो.) मग मिरजेत दुर्बीण, तुकडा तपासला, टीबी नाही ना ते पण बघितलं कारण आपल्याकडं आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला सूज राहणारा जुनाट आजार) दुर्बिणीतनं सारखेच दिसू शकतात म्हणे. निघाला क्रोन्स.

आता मी मोबाईलवर वाचून गेलो होतो की कॅम्पिलोबॅक्टर कॉन्सिसस नावाचा जंतू यामागं असू शकतो, म्हटलं डॉक्टर तो मारायचं औषध द्या की. दुसरा कोणी असता तर हसला असता नाहीतर लिहून मोकळा झाला असता. यांनी बाहेर एवढी गर्दी असताना दहा मिनिटं घालवली. म्हणाले बरोबर वाचलंय, २००९ मध्ये सिडनीच्या लोकांनी नुकताच क्रोन्स निघालेल्या मुलांमध्ये बघितलं तर हा जंतू निरोगी मुलांपेक्षा जास्त जणांत सापडला. तो तसा तोंडातला, हिरड्यांपाशी राहणारा, त्याला ऑक्सिजन कमी आणि सोबत हायड्रोजन लागतो म्हणून नेहमीच्या शौचाच्या कल्चरमध्ये सापडतच नाही. पण तो चांगल्या धडधाकट माणसांच्या तोंडात पण असतो. काही जाती आतड्याच्या पेशीत शिरतात, काही नुसत्या पडून असतात. मग म्हणाले, मार्केट यार्डात गुळाची ढेप फुटलेली दिसली आणि वर मुंग्या, तर ढेप मुंग्यांनी फोडली का फुटली म्हणून मुंग्या आल्या? ते अजून ठरलेलं नाही, तोवर चौथा कोर्स देऊन पोटातले उरलेसुरले चांगले जंतू कशाला मारायचे.

बायको म्हणाली एवढं तर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पण कधी सांगितलं नाही.

उपाय काय, तर आठ आठवडे दुसरं काही न खाता फक्त डब्यातल्या पावडरीचं पेय, ते पण ऐन गणपतीत. पोरानं मोदकाकडं बघून तोंड फिरवलं तेव्हा मलाच गिळवेना. पावडरीचा खर्च दणकून आहे आणि तो आधी सांगितला नाही, ही मोठी तक्रार. आहाराचा कागद इंग्रजीत दिला, पलूसवरनं आलेल्या एका आजींना तो मीच वाचून दाखवला. तेवढं मराठीत छापायला काय जातंय?

सहाव्या आठवड्यात वजन २ किलोनं वाढलं, कळ थांबली.

पाचपैकी चार, एक स्टार काउंटर आणि पार्किंगचा कापला. पुढच्या महिन्यात परत कॅल्प्रोटेक्टिन आहे, यावेळी डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवणार आणि जाताना रिक्षानं जाणार.