जुनी कातडी सीट घेताय? आधी ती उलटी करून बघा

"मस्त मुरलेली सीट, बसा आणि निघा." सायकलची जुनी कातडी सीट विकताना हे वाक्य आणि सोबत वरून काढलेला एकच चकचकीत फोटो असेल, तर फसगत बहुतेक ठरलेली.

अशा सीटला खाली पाया नसतो. साधारण 5 मिलिमीटर जाडीचं, वनस्पतीजन्य टॅनिनने कमावलेलं कातडं चोचीपासून, म्हणजे सीटच्या पुढच्या निमुळत्या टोकापासून, मागच्या पट्टीपर्यंत ताणून रिव्हेटांनी जडवतात. वजन पेलतो तो हा ताण. नवी सीट अंगठ्याने जेमतेम दबते. नीट मुरलेल्या सीटवर बैठकीच्या हाडांखाली दोन खळगे दिसतात, बाकी कातडं कडकच असतं. तेव्हा सगळीकडून मऊ लागणारी सीट मुरलेली नव्हे, मेलेली.

ती मऊ करतात पातळ तेल पाजून. रंग गडद होतो, भेगा बुजल्यासारख्या दिसतात, पण तेलाने सैल झालेले तंतू वजन पडलं की ताणत जातात. मधे झोळ पडतो. तो लपवायला चोचीतला, कातड्याचा ताण वाढवणारा बोल्ट करकचून आवळतात. मग मधोमध धार उभी राहते, कडा बाहेर फाकतात आणि नेमकं नको तिथे दुखतं.

म्हणून खालच्या बाजूचे फोटो मागा. टाळाटाळ झाली तर विषय संपला. नट आणि चोच यांच्यात बोल्टचे आटे लांबवर उघडे असतील, तर आवळायला जागा उरलेली नाही. रिव्हेटाचं भोक लांबट झालंय का, तिथून भेग निघालीय का, हे जवळून बघा. रिव्हेटाभोवतीची काळी वलयं म्हणजे ओल लागून लोखंड आणि टॅनिनची झालेली प्रक्रिया. तेवढ्यावरून सीट नाकारू नका. वरून काळं पॉलिश फासलं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर उतरतं.

'नवी कोरी' म्हणून येणारी नक्कलही उलटी केल्यावरच कळते: खडबडीत कातड्याऐवजी प्लास्टिकचा साचा, वर पातळ आवरण आणि शोभेचे रिव्हेट.

खऱ्या सीटचा लौकिक खोटा नाही. लांबच्या पल्ल्याला, फार पुढे न झुकता चालवणाऱ्याला ती पैसे वसूल करून देते. मात्र ब्रूक्स या इंग्लिश कंपनीची बी 17 ही नावाजलेली कातडी सीटसुद्धा अर्धा किलोच्या आसपास भरते आणि पावसात झाकावी लागते. हे पटत नसेल तर महाग सीट कशाला?

झोळ पडलेली सीट गळ्यात पडलीच असेल तर बोल्ट आणखी पिळू नका. दोन्ही कडांना भोकं पाडून खालून दोरीने ओढून बांधली की फाकलेल्या कडा बऱ्याच आवरतात. रिव्हेटपाशी फाटलेल्या कातड्याला दोरीचाही उपयोग नाही. सीटखालची फ्रेम शाबूत असेल तर त्यावर नवं कातडं चढवून घ्यावं लागतं.