पाच महिने 'आसरा-निवारा' सोडवल्यावर

शब्दकोड्यांच्या ॲपमधला 'आसरा-निवारा' हा विभाग मी ५ महिने सोडवतेय. ६० कोडी, सगळी आश्रयाच्या जागांवरची. ५४ झाली.

सुरुवातीला फार वैताग आला. 'सुरक्षित जागा', तीन अक्षरं, एवढाच क्लू. आता आसरा लिहायचं, आश्रय, आडोसा की निवारा? चारही तीन अक्षरी, त्यातले तीन तर 'आ'नेच सुरू होणारे. उभे शब्द सुटून मधलं घर भरेपर्यंत नुसतं बसून राहायचं. मधे 'श्र' आला तरी सुटका नाही, कारण 'आश्रम' आहेच. निकाल लागायचा शेवटच्या घरात, 'य' की 'म'.

पुढची कोडी मात्र कुणीतरी जीव ओतून केली आहेत. ऊन-पावसाचा उल्लेख असला की निवारा, वाऱ्याचा किंवा लोकांच्या नजरेचा असला की आडोसा. आडोसा झुडूपही देतं, आसरा द्यायला माणूस लागतो. बोलताना हा फरक मी आपसूक पाळत होते, पण कुणी विचारला असता तर सांगता आला नसता.

सगळ्यात आवडलेला क्लू: 'सुताराने कोरली, पोपटाने बळकावली', दोन अक्षरं. मी 'खोली' लिहून तीनदा खोडलं. सुतार म्हणजे सुतारपक्षी हे डोक्यात आलं आणि ढोली सुटली! पोपट तयार ढोलीतच तर घर करतो. 'बांधते वाळवी, राहतो साप' हे वारूळही तसंच सुंदर.

पण त्याच वारुळापाशी मोठी चूक आहे. उभं वारूळ, आडवा रुमाल, दोघांत घर एकच. वारूळमधला 'रू' दीर्घ, रुमालातला ऱ्हस्व. ॲप ऱ्हस्वच घेतं, म्हणजे 'वारुळ' असं अशुद्ध लिहिल्याशिवाय कोडं पूर्ण होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचं असेल तर वर तसं स्पष्ट लिहा ना! शाळकरी मुलंही हे सोडवतात, त्यांच्या डोळ्यांत चुकीचं रूप बसतं. मी दोनदा कळवलं, अजून तसंच आहे.

जोडाक्षरं व्यवस्थित आहेत, छप्परमधला 'प्प' एकाच घरात. 'मदत' दाबल्यावर अख्खा शब्द उघडतो, ते मला पटत नाही. एक अक्षर पुरे.

उरलेली ६ कोडी पुरवून पुरवून सोडवणार आहे. काल 'घराबाहेर, तरी छपराखाली' याला चार अक्षरी उत्तर आलं, वळचण. हा शब्द मी कित्येक वर्षांत लिहिला नव्हता.