व्यापारी जहाज की राजाचं आरमार?

सतराव्या शतकातल्या साध्या इंग्रज खलाशापुढे या दोनच मोठ्या वाटा होत्या.

आरमारात १६५३ पासून तरबेज खलाशाला महिना २४ शिलिंग ठरलेले. १६७७ च्या अन्नपुरवठ्याच्या करारानुसार रोज एक पौंड बिस्किट, गॅलनभर बिअर. माणसं भरपूर, म्हणून काम वाटलं जायचं. पण पगार रोख नाही, चिठ्ठीवर. ती वटायला महिनोन्महिने. पोटाला चिमटा बसला की खलाशी ती मिळेल त्या भावात विकायचा. १६६७ मध्ये डच आरमार इंग्लंडच्या मेडवे नदीत घुसलं, तेव्हा त्यांच्या जहाजांवर असे वैतागलेले इंग्रजही होते. मला यात फितुरीपेक्षा थकलेली मजुरीच दिसते.

व्यापारी जहाजावर माणसं मोजकी, मेहनत जास्त, मात्र युद्धकाळात पगार आरमारापेक्षा कितीतरी चढा. धोका वेगळा: मजुरी मालाच्या भाड्यातून यायची, त्यामुळे जहाज बुडालं की तीही बुडाली. एडवर्ड बार्लो या खलाशाने रोजनिशीत संतापून लिहिलंय की भिजलेल्या मालाची भरपाईसुद्धा खलाशांच्या पगारातून कापत.

तरी मी व्यापारी जहाजच निवडलं असतं. अर्थात, परतताना किनारा दिसू लागला की आरमाराची माणसं जहाजावर चढून खलाशांना जबरदस्तीने भरती करत, घरच्यांची भेटही न होऊ देता.