दाढ दुखत होती, पण दोष दाढेचा नव्हता

पुण्यातील एका दंत महाविद्यालयाच्या ओरल मेडिसिन अँड रेडिऑलॉजी विभागात आईला दाखवले. तोंडाच्या आणि चेहऱ्याच्या न उलगडणाऱ्या दुखण्यांसाठी या विषयात एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) केलेले स्वतंत्र तज्ज्ञ असतात, हे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. खालच्या डाव्या दाढेचे रूट कॅनाल होऊनही आईचा ठणका थांबला नव्हता आणि एका खासगी दवाखान्यात तर शेजारची दाढ काढण्याचा सल्ला मिळाला होता.

येथील डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढण्याआधी बराच वेळ केवळ विचारपूस केली. विजेच्या झटक्यासारखी कळ काही सेकंदच येते का आणि ती तोंड धुताना किंवा वाऱ्याच्या झुळुकीने सुरू होते का, हे विचारले, कारण तसे असल्यास ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेच्या दुखण्याचा, संशय घ्यावा लागतो. जेवताना जबड्याखाली सूज येत असेल, तर लाळेच्या ग्रंथीत खडा असू शकतो. जिना चढताना जबडा दुखतो आणि बसल्यावर ते दुखणे थांबते का, हा प्रश्न हृदयविकारासाठी होता. दंतवैद्याने तो आवर्जून विचारावा, याचे मला फार मोल वाटले.

त्यानंतर दाढेला भूल दिली. ओठ आणि दाढ पूर्ण बधिर झाली, तरी ठणका जसाच्या तसा होता. मग डॉक्टरांनी गालावरचा मॅसेटर हा चावण्याचा स्नायू बोटाने काही क्षण दाबून धरला, तेव्हा आई लगेच म्हणाली, “हीच ती कळ, थेट दाढेत जाते.” दात सतत आवळून धरण्याच्या सवयीने तो स्नायू दुखावला होता. शेक, मऊ आहार, जबड्याचे व्यायाम, ओठ मिटलेले असतानाही दात सुटे ठेवण्याचा सराव आणि रात्री दातांवर लावायची स्प्लिंट (दातांच्या मापाचे कडक आवरण), एवढ्या उपचारांनी दुखणे बरेच उतरले आहे आणि शेजारची दाढ शाबूत आहे.

केसपेपरसाठी सकाळी लवकर रांग लावावी लागते आणि पदव्युत्तर विद्यार्थी बदलले की सारी हकीकत पुन्हा सांगावी लागते, त्यामुळे जुने एक्स-रे व चालू औषधांची यादी सोबत न्यावी. व्यायामाचा कागद मात्र केवळ इंग्रजीत मिळतो. तो मराठीत छापून द्यावा, अशी विभागाला मनापासून विनंती आहे.