बारोलो की बार्बेरा?

इटलीच्या वायव्येला पिमाँत प्रांतात आल्बा गावाभोवतीच्या टेकड्यांवर या दोन्ही रेड वाइन बनतात. स्वभाव मात्र एकदम वेगळे.

बारोलो फक्त नेब्बिओलो द्राक्षांची. बाजारात यायच्या आधी ती किमान 38 महिने मुरते, त्यातले 18 लाकडी पिंपात. ग्लासात ओतली की रंग फिका, विटकरीकडे झुकणारा. बघून वाटतं, हलकीच असणार. पहिल्याच घोटाला तो समज मोडतो. हिरड्या आणि जीभ आवळून येते, दुधाविना उकळलेला कडक चहा प्यायल्यासारखी. वास गुलाबाचा, आणि त्यामागे चक्क डांबराचा! ऐकायला विचित्र, पण हुंगल्यावर पटतं. हा तुरटपणा झेलायला प्रथिनं आणि चरबी लागते. म्हणून तिथे बारोलोतच तासन्‌तास शिजवलेलं गोमांस, ब्राझातो, तिच्यासोबत वाढतात. शरदात अंड्याच्या बारीक शेवयांवर, म्हणजे तायारीनवर, पांढरा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी, किसून घेतात; तीही जोडी जुनी. नुसती प्यायला बसलात तर तोंड कोरडं पडेल.

बार्बेरा उलट: रंग गडद जांभळा, तुरटपणा नावाला, आंबटपणा भरपूर. चेरीची चव, आणि तोंडाला पाणी सुटतं. सलामी, मांस भरलेले पास्त्याचे तुकडे, म्हणजे आन्योलोत्ती, टोमॅटोचा सॉस, काहीही चालतं. थोडी गार, 15-16 अंशांवर घ्यावी.

किमतीतही बारोलो बरीच महाग. रोजच्या जेवणाला मी बार्बेराच उघडेन. ब्राझातो शिजत असेल, तर गोष्ट वेगळी.