पुसता येणाऱ्या पांढऱ्या पाट्यांचा संच : वर्षभराच्या वापरानंतर

गुहागर तालुक्यातील आमच्या दोनशिक्षकी शाळेत चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात. “समजले का?” असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात “हो, गुरुजी” म्हणतो आणि ज्याला समजलेले नाही, ते मूल त्या सुरात लपून जाते. म्हणून गेल्या जूनमध्ये रत्नागिरीच्या बाजारातून 20 पांढऱ्या पाट्यांचा संच आणला. मार्करसह एक पाटी 45 रुपयांना पडली.

प्रश्न फळ्यावर लिहायचा, मुलांनी पाटी छातीशी धरून उत्तर लिहायचे आणि “दाखवा” म्हटल्यावर सर्वांनी एकदमच पाटी वर करायची. हे एकदम झाले नाही, तर शेजाऱ्याची पाटी पाहून उत्तरे बदलतात. 0.35 आणि 0.4 यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारले तेव्हा पाचवीच्या 11 पाट्यांपैकी 7 पाट्यांवर 0.35 होते, कारण मुलांच्या लेखी 4 पेक्षा 35 मोठे. तोंडी विचारले असते, तर पहिल्या बाकावरच्या मुलीने बरोबर उत्तर दिले असते आणि मी पुढच्या उदाहरणाकडे वळलो असतो. त्या दिवशी मात्र मोजपट्टी काढून 0.4 मीटर म्हणजे 40 सेंटीमीटर आणि 0.35 मीटर म्हणजे 35 सेंटीमीटर हे मुलांकडूनच मोजून घेतले.

समजले की नाही हे मुलांनी दाखवावे म्हणून पूर्वी मी अंगठा वर-खाली करणे आणि लाल-हिरवी कार्डे वापरत असे. त्यांतून मुलाला स्वतःला काय वाटते एवढेच कळते. पाटीवर त्याची चूकच दिसते. शिवाय लाल आणि हिरवा हे रंग वेगळे न ओळखणारी मुले असतात, विशेषतः मुलगे, त्यांच्यासाठी ती कार्डे निरुपयोगीच. बहुपर्यायी प्रश्नांना छातीशी धरलेली एक ते चार बोटे पुरतात, त्यासाठी खर्चही नाही.

पाट्यांची प्रत चांगली आहे, कडा हाताला लागत नाहीत. मार्कर मात्र सुमार निघाले. टोपण उघडे राहिले की ते वाळतात, आणि रात्रभर तसेच राहिलेले लिखाण पुसल्यावरही फिकट डाग मागे उरतो. जुलैच्या दमट हवेत दगडी पाटीवर पेन्सिल नीट उमटत नसे. ही पाटी जुन्या सुती मोज्याने कोरडी पुसून घेतली की लगेच लिहिता येते. यंदा मार्कर वेगळे घेणार आहे, पाट्या त्याच चालू राहतील.